शेऱ्याचा रकाना

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शेवटचा रकाना ‘शेरा’ या नावाचा असतो. साक्री तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तो ठाऊक आहे. पीक कोणते, क्षेत्र किती, पाणी कशाचे, हे सगळे लिहून झाल्यावर तलाठ्याला आणखी काही सांगायचे असेल तर त्यासाठी तिथे जागा राखून ठेवलेली असते. शेरा हा शब्द दफ्तरातला. अर्जावर, हिशेबावर, हुकमावर अधिकाऱ्याने आपले मत थोडक्यात नोंदवायचे, म्हणजे शेरा मारायचा. पुढे तो शाळेनेही उचलला. त्याच शेतकऱ्याची मुलगी कॉलेजात जाऊन विद्यापीठाची परीक्षा देते, तेव्हा तिच्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर प्रश्नांचे क्रमांक असतात, गुणांच्या चौकटी असतात, बेरीज असते, सह्या असतात. शेऱ्याचा रकाना नसतो. शेतजमिनीच्या कागदाला जो मान मिळाला तो तिच्या तीन वर्षांच्या लिखाणाला का मिळाला नाही, या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासात दिसते. ही उणीव कुणाच्या आळसातून किंवा आकसातून आलेली नाही. एका विशिष्ट घडणीच्या विद्यापीठाने ती जन्माला घातली. परीक्षक जवळ आणल्याने ती भरून निघत नाही, हे खानदेशाने पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. ती भरायची असेल तर चांगले उत्तर कशाला म्हणायचे हे ठरवण्याच्या आणि शेरा देण्याची साधने घडवण्याच्या कामात विद्यार्थ्यालाच बसवावे लागेल, असे माझे म्हणणे आहे.

साक्री हे गाव धुळ्याच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर, सुरतेच्या रस्त्यावर, कान नदीच्या काठी वसलेले. १८८०च्या खानदेश गॅझेटियरात हा मुलूख पिंपळनेर तालुका म्हणून येतो. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा तो पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याकडे राहिला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. खानदेशात कॉलेज निघायला मात्र १९४०चे दशक उजाडले. त्या दशकात जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन होऊन खानदेश त्याच्या कक्षेत गेला आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. आज साक्रीत, पिंपळनेरला, दहिवेलला पदवीची कॉलेजे आहेत. म्हणजे परीक्षक आधी मुंबईत होता, मग पुण्यात आला, मग जळगावला आला. निकाल, दाखले, दुरुस्त्या यांसाठीची पायपीट कमी झाली आणि हा लाभ मुळीच लहान नाही. पण उत्तरपत्रिकेचा प्रवास तसाच एकेरी राहिला. साक्रीतून निघालेला गठ्ठा मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रावर जातो आणि तिथून परत येतो तो फक्त आकडा.

हे मौन मुद्दाम पाळलेले होते, आणि ते पाळण्यामागचा हेतू चांगला होता. ज्या समाजात नाव सांगितले की जात कळते, तिथे नावाऐवजी बैठक क्रमांक लिहायला लावणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! परीक्षकाने विद्यार्थ्याला ओळखू नये आणि विद्यार्थ्याने परीक्षकाला, या नियमाने अनेकांना पहिल्यांदाच केवळ लिखाणाच्या बळावर उभे राहता आले. परीक्षकाला विद्यार्थी माहीत असला की काय होऊ शकते, याचे उदाहरण विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतलेच आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांपैकी एक. विद्यार्थीदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. निबंधावरचा हाही एक शेराच. फक्त तो शब्दांत येण्याऐवजी शिक्षेच्या रूपाने आला. म्हणून निनावी परीक्षेची बाजू मी हलकी मानत नाही. मात्र त्या निनावीपणाची किंमत अशी पडली की परीक्षकाचे बोलणेच बंद झाले, आणि जे एका शतकात न्यायाचे साधन होते ते पुढच्या शतकात निव्वळ सवय होऊन बसले.

आकड्याची ही सवय शाळांतही याच काळात रुजली. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याने इंग्लंडची पद्धत उचलून परीक्षेच्या निकालावर शाळांना अनुदान द्यायला सुरुवात केली. तपासनीस येणार, मुलांची परीक्षा घेणार, किती पास झाली यावर शाळेला पैसे मिळणार. त्याने शाळेबद्दल लिहिलेले मत शेरेबुकात जाई. ज्या पोराने उत्तर दिले त्याच्या पाटीवर काही उरत नसे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात या पद्धतीवर बोट ठेवले आहे. गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या लोकांत निकालावर पैसे देण्याची रीत चालणार नाही, असे त्यांनी सांगितले. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देणे वरवर न्याय्य दिसले तरी त्यामुळे इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, हेही त्यांनी त्याच निवेदनात नोंदवले. मापाची पट्टी सगळ्यांना सारखी असली म्हणजे न्याय झाला, हे फुल्यांना मान्य नव्हते. ती पट्टी कुणाच्या ओळखीची आहे, हे त्यांना पाहायचे होते. साक्रीच्या बाबतीत हा मुद्दा आजही टोकदार आहे. तालुक्यातली मुले घरी अहिराणी बोलतात. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल, कोकणी, मावची घरांतून आलेल्यांची बोली आणखी निराळी. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीने तर खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांच्या सोबत केली होती. अशा विद्यार्थ्याला प्रमाण मराठीतल्या उत्तरपत्रिकेत गुण कमी पडतात, तेव्हा ते विषय न समजल्यामुळे पडले की वाक्य घरच्या वळणाचे होते म्हणून पडले, हे त्याला कळायचा मार्गच नाही. आकड्यात हे दोन्ही दोष एकजीव होऊन जातात.

विद्यापीठे येण्यापूर्वी सगळे आलबेल होते असे भासवण्याचे कारण नाही. पंतोजीच्या शाळेत छडी होती, कोंडून ठेवणे होते आणि बहुतेक जातींच्या मुलांना व जवळजवळ सगळ्याच मुलींना दार बंद होते. पण त्या शाळेतली एक वस्तू आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे, ती म्हणजे कित्ता. मोडी अक्षर वळवायचे ते वर लिहून दिलेल्या नमुन्याखाली. आपले अक्षर आणि चांगले अक्षर एकाच कागदावर, एकमेकांखाली. कुठे गाठ सुटली, कुठे रेघ वाकडी गेली, हे मुलाला कुणी सांगण्याआधी दिसत असे. शिवाय मोठ्या मुलांनी लहानांना पाढे आणि अक्षरे शिकवावीत, चुका दाखवाव्यात ही रीत होती. दक्षिणेत मद्रासला अँड्र्यू बेल याने अशीच रीत पाहिली आणि तिच्यावर आपली पद्धत बेतून ती इंग्लंडात नेली. नव्या विद्यापीठाने कित्त्याची कल्पना सोडून दिली आणि नमुना गुपित ठेवला. चांगले उत्तर कसे असते हे फक्त परीक्षकाला माहीत, आणि विद्यार्थ्याने ते निकालावरून ताडायचे. या रिकाम्या जागेत बाजार शिरला. अपेक्षित प्रश्नसंच, गाईडे, कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या टिपणांच्या प्रती, या सगळ्यांना आपण शिक्षणाचा ऱ्हास म्हणून नावे ठेवतो. मला त्यात कित्त्याची भूक दिसते. संस्थेने जे द्यायला हवे होते ते विद्यार्थी पदरचे पैसे मोजून विकत घेत आहेत, आणि त्यांना मिळतो तो बहुधा वाईट कित्ता.

विद्यार्थी असे काम स्वतः करू शकतात का, या शंकेला सर्वांत जुने उत्तर १८४८ सालचे आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी त्या वर्षी आपली साहित्य व शास्त्र विषयांची सभा काढली. सभासदांनी निबंध लिहायचे, सभेत वाचायचे आणि इतरांनी त्यावर बोलायचे, असा तिचा क्रम. तिच्या मराठी शाखेने, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेने, १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक चालवले, आणि सभेच्या तरुणांनी १८४९ पासून मुलींच्या शाळा उघडून तिथे विनावेतन शिकवले. विद्यापीठ निघण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. परीक्षेविना, गुणांविना, एकमेकांच्या लिखाणाचा कस लावण्याची व्यवस्था या मुलांनी उभी केली होती. त्यांना शिक्षकांचे पाठबळ होते आणि ते शहरातल्या सुस्थित घरांतले होते, हे मान्य. पण एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते, की मूल्यमापन ही वरून खाली येणारीच गोष्ट आहे, हा आपल्याकडचा मूळ स्वभाव नव्हे.

खानदेशाच्या स्वतःच्या शिदोरीतही दोन गोष्टी आहेत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि तिथल्या वसतिगृहाचे काम पाहत होते. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. गुणांशी काहीही संबंध नसलेला, रोजच्या रोज मिळणारा, आपुलकीचा अभिप्राय म्हणजे काय, हे त्या दैनिकाने दाखवले. पण ते लिहिणारा हात एकच होता. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि तो हात शाळेला अंतरला. एका थोर शिक्षकावर उभा असलेला अभिप्राय त्याच्याबरोबर निघून जातो. तो टिकवायचा तर पुष्कळांच्या हातांत जावा लागतो. दुसरे नाव इतिहासाचार्य राजवाड्यांचे. त्यांची अखेर धुळ्याला १९२६ साली झाली आणि त्यांचे दफ्तर जपणारे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या लेखात त्यांनी आपल्या शाळा-कॉलेजांचाच निकाल लावला आहे. आपल्याला शिकवलेल्याचे मोजमाप विद्यार्थ्याने करावे, याचे इतके परखड उदाहरण मराठीत क्वचित सापडेल. दुर्दैव असे, की हे मोजमाप शिक्षण संपून वर्षे लोटल्यावर झाले. ज्या संस्थांबद्दल ते होते त्यांनी ते मागितले नव्हते.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न न्यायालयात गेला तोही महाराष्ट्रातूनच. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेनंतर काही विद्यार्थ्यांनी आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहायला मागितल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परितोष शेठ प्रकरणात ती फिरवली आणि पाहणी व फेरतपासणी नाकारणारा मंडळाचा नियम वैध ठरवला. निकालाला कुठेतरी अंत हवा, लाखो उत्तरपत्रिका उघडत बसता येणार नाही, हा त्यामागचा विचार होता. सत्तावीस वर्षांनी, ९ ऑगस्ट २०११ रोजी, आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने माहिती अधिकार कायद्याखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, परीक्षकाची ओळख झाकून. आता छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन मागता येते. हा विजय मोठा आहे. पण छायाप्रत उघडली की आत काय असते? बरोबरच्या खुणा, अधोरेखिते, आकडे. जिथे मुळात काही लिहिलेलेच नाही तिथे वाचण्याचा हक्क घेऊन विद्यार्थी करणार काय? म्हणून छायाप्रतीचा उपयोग बहुधा एकच होतो, दोन गुण वाढवून मागण्याचा. त्या उत्तरपत्रिकेतून पुढचे उत्तर सुधारायला फारसे काही हाती लागत नाही.

विद्यार्थ्यांना सहभाग दिलेलाच आहे, असे यावर सांगितले जाते. तो कसा दिला गेला ते पाहण्यासारखे आहे. १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या निवडणुका बंद केल्या आणि वर्गप्रतिनिधी आधीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर नेमायला सुरुवात केली. म्हणजे परीक्षेबद्दल बोलण्याची संधी ज्याला परीक्षेने आधीच पसंत केले त्याला. नापास झालेल्याला, काठावर सुटलेल्याला, ज्याला शेऱ्याची सर्वांत जास्त गरज त्याला, त्या खुर्चीपर्यंत वाटच नव्हती. २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, तरी विद्यार्थी परिषदेचे काम बव्हंशी स्नेहसंमेलन, क्रीडा आणि तक्रारी यांभोवतीच फिरते. दुसरीकडे नॅकने, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, २००६ हे वर्ष गुणवत्तेच्या कामातल्या विद्यार्थिसहभागाचे म्हणून जाहीर केले, आणि पुढे विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी श्रेणी देण्याच्या निकषांतच घातली. त्यातून एक विलक्षण उलटापालट झाली. आज कुठल्याही कॉलेजात ‘फीडबॅक’ म्हटले की विद्यार्थ्याने शिक्षकाबद्दल भरायचा फॉर्म डोळ्यांपुढे येतो. विद्यार्थ्याच्या लिखाणाबद्दल विद्यार्थ्याला मिळणारे बोलणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या कॅम्पसवर जवळजवळ पुसला गेला आहे. फॉर्म भरणारा ग्राहक झाला. घडवणारा मात्र झाला नाही.

शाळांनी याबाबत कॉलेजांच्या पुढे मजल मारली आहे, आणि साक्रीच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, चाचणी यांच्याबरोबर स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन यांची स्पष्ट नोंद आहे. शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी लिहायच्या आहेत. अंमलबजावणीत रेडीमेड नोंदींच्या पुस्तिका छापून निघाल्या आणि अनेक ठिकाणी त्यांतलीच वाक्ये उतरवली गेली, हे खरे. तरीही जो मुलगा २०१०च्या जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसला तो २०२२ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला आला. आपल्या कामाकडे आपणच पाहायचे असते, हे त्याच्या शाळेला कागदावर तरी मान्य होते. कॉलेजात येताच ते त्याच्याकडून काढून घेतले गेले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही १९८९ पासून स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांतून वाचकाला मध्येच थांबवून स्वतःला तपासायला लावले. शिक्षक समोर नसणार हे गृहीत धरल्यामुळे त्या विद्यापीठाला ही काळजी घेणे भाग पडले. साक्रीच्या विद्यार्थ्यापुढे परीक्षक कधीच नव्हता. त्याच्यासाठी मात्र कुणी ती काळजी घेतली नाही.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे: विद्यार्थ्यांना निकष ठरवू दिले तर ते सोपे करून घेतील. हा आक्षेप प्रश्नपत्रिका आणि निकष यांत गल्लत करतो. प्रश्नपत्रिका गुप्त हवीच. पण दहा गुणांच्या उत्तरात मांडणीला किती, पुराव्याला किती, स्वतःच्या भाषेला किती, हे गुप्त ठेवून न्यायाला काय मिळते? ऑस्ट्रेलियातल्या रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार इथे लागू पडतो: चांगल्या कामाची कल्पना शिक्षकाइतकीच विद्यार्थ्याच्या मनात उभी राहिल्याशिवाय कितीही अभिप्राय दिला तरी तो वाया जातो. ती कल्पना नुसती वाचून उभी राहत नाही. मागच्या वर्षीची नावे झाकलेली चार उत्तरे पुढे ठेवावीत, विद्यार्थ्यांनी ती वाचून क्रम लावावा, क्रम का लावला ते सांगावे, आणि त्या सांगण्यातून शिक्षकाच्या देखरेखीखाली निकषांचा कागद तयार व्हावा. अशा वेळी विद्यार्थी सोपे माप लावतात हा समज कामाने खोटा ठरवता येतो, कारण दुसऱ्याचे ढिसाळ उत्तर वाचताना सवलत देण्याची इच्छा फार कुणाला होत नाही. उलट अहिराणीच्या वळणाचे वाक्य हा दोष मानायचा की नाही, झाला तर किती गुणांचा, या प्रश्नावर त्या खोलीत जे बोलणे होईल ते जळगावच्या मूल्यमापन केंद्रावर कधी होणे शक्य नाही. तिथे त्या बोलीतला विद्यार्थीच हजर नसतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो मी टाळणार नाही. ग्रामीण कॉलेजांत पदे रिक्त आहेत, कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात राबत आहेत. त्यांनी शेरे कधी लिहायचे? जो शिक्षक पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्यावर हा भार टाकणे अन्याय आहे आणि पदे भरली जाणे याला कुठलाच पर्याय नाही. पण विद्यार्थ्यांनी बनवलेली साधने या भाराच्या विरुद्ध दिशेला जातात. निकषांचा कागद, नमुना उत्तरांचा संच, पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुकांवरच्या शेऱ्यांची यादी, ती त्यांच्याच मराठीत, हवी तर अहिराणीत समजावलेली: हे एकदा घडले की पुढच्या तुकडीला वारशाने मिळते. शिक्षक बदलला तरी ते राहते, पंतोजी बदलला तरी कित्ता राहत असे तसे. आणि आता जागाही उपलब्ध आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत जो अभ्यासक्रम आला, त्यात अंतर्गत मूल्यमापन, क्षेत्रप्रकल्प, कार्यप्रशिक्षण यांचे गुण कॉलेजातच द्यायचे आहेत. त्या गुणांपुरता परीक्षक मुंबईला, पुण्याला किंवा जळगावला नाही; तो साक्रीतच, त्याच इमारतीत आहे. अंतर्गत चाचणीचा कागद कसा छापायचा हे कॉलेजला ठरवता येते. त्यावर डाव्या बाजूला निकष आणि उजव्या बाजूला शेऱ्याचा रकाना आखायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही, आणि तो रकाना आखायला बसवायची मुले त्याच वर्गात आहेत.